काळजी करणे आणि काळजी घेणे



मुलाच्या किंवा मुलीच्या लग्नाला तीन-चार वर्षे झाली, की घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात एक प्रश्न घोळू लागतो. तो कधी थेट विचारला जातो, तर कधी शेजारच्या बारशाचे निमित्त करून. पूर्वी त्याला ठरलेली उत्तरे मिळत. नोकरी स्थिर होऊ दे, घराचे हप्ते जरा कमी होऊ देत. अलीकडे काही घरांत मात्र वेगळेच उत्तर ऐकू येते. ‘आई, उन्हाळे कसे वाढत चाललेत, पाऊस कसा पडतोय, ते दिसतंय ना तुला? अशा जगात मूल आणावं का, हेच आम्हाला कळत नाहीये.’ हे ऐकून आपण गोंधळतो. कोणाला राग येतो, कोणाला ही सबब वाटते, आणि बहुतेकांच्या मनाला एक न सांगता येण्याजोगी चुटपुट लागून राहते. आजच्या लेखात या उत्तराचाच विचार करू.

ही भीती केवळ आपल्या घरची नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. भारतासह दहा देशांतील, १६ ते २५ वर्षे वयाच्या १०,००० तरुण-तरुणींना हवामानबदलाविषयी प्रश्न विचारण्यात आले होते. त्यांपैकी ५९ टक्क्यांना या विषयाची फार किंवा अतिशय काळजी वाटत होती. भविष्य भीतिदायक वाटते, असे ७५ टक्क्यांनी सांगितले. मूल होऊ देण्याबाबत आपले मन कचरते, असे म्हणणारे ३९ टक्के होते. आणखी एक आकडा आपण विशेष लक्षात ठेवावा असा आहे. ज्यांनी ही भीती इतरांजवळ बोलून दाखवली, त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना आपले बोलणे दुर्लक्षिले गेल्याचा किंवा उडवून लावले गेल्याचा अनुभव आला होता. पहिल्या तीन आकड्यांवर आपला फारसा ताबा नाही. या चौथ्यावर मात्र निश्चित आहे.

ही भीती निराधार आहे काय? आज तिशीत असलेल्या मुलांचे आयुष्य आठवून पाहा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ती शाळेत होती. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली. २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी येथे दरडीखाली वस्त्या गाडल्या गेल्या. यांतील प्रत्येक घटनेत हवामानबदलाचा वाटा किती, हा तज्ज्ञांचा विषय आहे. परंतु या बातम्यांच्या सोबतीने ही पिढी वाढली, हे खरे. त्यातच २०२४ हे वर्ष आजवरच्या नोंदींतील सर्वांत उष्ण वर्ष ठरले आणि जगाचे सरासरी तापमान औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या काळापेक्षा दीड अंशाहून अधिक वाढलेले आढळले. अशा वेळी काळजी वाटणे हा आजार नव्हे. मानसिक विकारांच्या वैद्यकीय वर्गीकरणातही असे स्वतंत्र निदान नाही.

येथे आपल्यापैकी अनेकांच्या ओठांवर १९७२ चा दुष्काळ येतो. खडी फोडण्याची कामे, मिलोची भाकरी, सुकडी. एवढे सोसूनही आपण संसार केले आणि मुले वाढवली. ही आठवण मोलाची आहे, पण ती कशी सांगायची, याला महत्त्व आहे. ‘आम्ही नाही का निभावलं?’ असे म्हटले, की ऐकणाऱ्याची भीती क्षुल्लक ठरते. याउलट तेव्हा आपल्यालाही भीती वाटली होती, कोणी कोणाला कसे धरून ठेवले, काय केल्याने दिवस निघाले, हे सांगितले तर त्याच आठवणीचा आधार होतो. १९६८ साली पॉल एर्लिक यांच्या ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ या पुस्तकाने येत्या दशकात कोट्यवधी लोक भुकेने मरतील, असे भाकीत केले होते. ते त्या प्रमाणात खरे ठरले नाही. पण आपोआप टळलेही नाही. शेतकरी, शास्त्रज्ञ आणि शासन यांनी धान्याचे उत्पादन वाढवण्यासाठी अपार कष्ट घेतले. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर दुष्काळाच्या अनुभवातूनच रोजगार हमीचा कायदा आला. एक फरक मात्र प्रामाणिकपणे मान्य करावा लागतो. दुष्काळ चांगल्या पावसाने सरतो. वाढलेली उष्णता एका मोसमात मागे हटत नाही.

मूल हवे की नको, याचा विचार करणे हे परदेशी फॅड आहे, असेही काहींना वाटते. परंतु रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र १९२१ साली सुरू केले होते आणि ‘समाजस्वास्थ्य’ हे त्यांचे मासिक १९२७ पासून निघत होते. स्वतः कर्वे दांपत्याने अपत्य न होऊ देण्याचा निर्णय घेतला होता. पुढे लाल त्रिकोणाच्या काळात आपल्यापैकी अनेकांनी ‘दोन पुरेत’ असे ठरवले, तेव्हा घरातील मोठ्यांना तेही रुचले नव्हते.

मग आपण वागावे कसे? पहिली गोष्ट म्हणजे काही वाक्ये जाणीवपूर्वक टाळावीत. ‘ज्याने चोच दिली तो चाराही देईल’, ‘म्हातारपणी तुमचं कोण बघणार?’, ‘आमचे डोळे मिटण्यापूर्वी एकदा नातवंडाचं तोंड पाहू द्या’. यांतील प्रत्येक वाक्य प्रेमापोटी येते, परंतु ऐकणाऱ्याच्या भीतीवर अपराधीपणाचे ओझे चढवते. त्याऐवजी ‘तुला नेमकं कशाचं भय वाटतं?’ एवढेच विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबावे. सल्ला मागितला तरच द्यावा.

दुसरी गोष्ट म्हणजे भीती आणि निर्णय यांना वेगवेगळे ठेवावे. भीती ऐकून घेणे म्हणजे निर्णयाला संमती देणे नव्हे, आणि निर्णय आपल्याला न रुचणे म्हणजे भीती खोटी असणे नव्हे. निर्णय त्या दोघांचा आहे. तो आज एक असेल, दोन वर्षांनी दुसरा असेल. कधी हवामानाच्या काळजीमागे घरभाडे, नोकरीची अनिश्चितता किंवा आपल्याच आजारपणाची धास्ती असते. कधी गर्भधारणेतील अडचण किंवा गर्भपाताचे दुःख त्याआड लपलेले असते. म्हणून खोदून विचारू नये. वयाबरोबर प्रजननक्षमता कमी होत जाते आणि पस्तिशीनंतर हा उतार अधिक जाणवतो, ही माहिती त्यांना असणे आवश्यक आहे; परंतु ती स्त्रीरोगतज्ज्ञाकडून मिळावी, सणासुदीच्या पंगतीत टोमण्यातून नव्हे.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या मनाची. नातवंड होणार नाही कदाचित, या विचाराने वाईट वाटणे स्वाभाविक आहे आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. ते समवयस्क मित्रांजवळ, भावंडांजवळ बोलावे. मुलांशी बोलायचे झाल्यास ‘मला नातवंडांची हौस आहे, हे मी लपवत नाही, पण तुमच्या निर्णयाचा भार माझ्या हौशीने वाढू नये’, असे सरळ सांगता येते. असे एकदा बोलल्यावर पुढच्या प्रत्येक भेटीत तो विषय न काढणे, हेही त्याच बोलण्याचा भाग आहे.

आपल्या भाषेत ‘काळजी’ या शब्दाची दोन क्रियापदांशी सोयरीक आहे. आपण काळजी करतो आणि काळजी घेतोही. पहिलीकडून दुसरीकडे जाण्याची वाट सापडली, की मनावरचा ताण पुष्कळ हलका होतो. अहमदाबादेचे उदाहरण पाहा. २०१० च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेत तेथे एरवीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये शहराने उष्णतेशी सामना करण्याचा कृती आराखडा अमलात आणला. आगाऊ इशारे, पाण्याची सोय, डॉक्टर आणि परिचारिकांचे प्रशिक्षण, असे त्याचे स्वरूप साधेच होते. त्यामुळे पुढे दरवर्षी शेकडो जीव वाचले, असे संशोधकांना आढळले. जगाचेही तसेच आहे. पॅरिस करारापूर्वी शतकाअखेरची तापमानवाढ साडेतीन ते चार अंशांकडे निघाली होती. आजच्या धोरणांनुसार ती अडीच ते तीनच्या आसपास राहील, असे अंदाज आहेत. हे पुरेसे नाही. पण प्रयत्नांनी आकडा हलतो, हे त्यातून दिसते.

घराच्या पातळीवरही बरेच करता येते. सोसायटीच्या गच्चीवर सौरपॅनेल किंवा पर्जन्यजलसंचयाचा ठराव मांडावा, रस्त्याकडेच्या रोपांना उन्हाळ्यात पाणी घालावे, एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याची उन्हाच्या दिवसांत विचारपूस करावी. उष्णतेचा सर्वाधिक धोका वयस्कांना असतो, त्यामुळे हे काम आपलेही आहे. मुलगा किंवा सून यांच्यासोबत त्यांतील एक जरी केले, तरी आपण त्यांच्या भीतीत एकटे सोडून गेलो नाही, हे त्यांना न सांगता कळते.

मात्र काही लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप न लागणे, भूक मंदावणे, कामावर जाणे किंवा माणसांना भेटणे टाळणे, सतत रडू येणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, यांपैकी काही दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे दिवसरात्र मराठीतही बोलता येते. आपल्याला स्वतःला जड वाटत असेल, तर तो क्रमांक आपल्यासाठीही आहे.

येत्या पंधरवड्यात एक करून पाहावे. मुलांशी बोलताना ‘गोड बातमी कधी?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘सध्या तुम्हाला कशाची काळजी वाटते?’ असे विचारावे. उत्तर लांबले तरी ऐकावे, आणि निरोप घेताना एवढेच म्हणावे, ‘जे ठरवाल त्यात आम्ही तुमच्या सोबत आहोत.’