पदरावरचा चौक, सोफ्यावरचं रेशीम



शहापूर-मुरबाडकडे आपल्या घरांत सध्या वारलीची लाट आहे. आधी पदरावर तारपा नाच आला, मग पडद्यावर, आता सिल्कच्या उशांवर. साडीची फॅशन बदलली की दिवाणखानाही बदलायचा!

मला हे पटत नाही. वारल्यांच्या घरी लग्न असलं की सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधे पालघाट देवी. या कलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आणि आपण तोच चौक उशीवर छापून त्याला टेकून बसतो!

आणि रेशीम? एका साडीसाठी हजारो कोश किड्यांसकट उकळतात. पर्युषणात हिरवी भाजी सोडायची आणि घरभर हे कापड मिरवायचं, ही कसली अहिंसा?

कोणी म्हणेल, आदिवासींना काम मिळतं. पण यंत्रावर छापलेल्या कापडाचे पैसे रंगवणाऱ्या हातांना मिळत नाहीत. घ्यायचंच तर सुती, हाताने रंगवलेलं, रंगवणाऱ्याकडूनच घ्या. एकच घ्या आणि विरेपर्यंत वापरा. अपरिग्रह नुसता प्रवचनात ऐकायचा नसतो, तो कपाटात आणि बैठकीतही दिसला पाहिजे.