गावकूस साक्ष देते!

दिल्लीच्या नकाशाला जिल्हा दिसतो, गाव दिसत नाही. 1956 साली चंदगड तालुका तेवढा वगळून अवघा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यास जोडण्यात आला, तो याच दृष्टिदोषापायी! पुढे 1957 साली आंध्र-मद्रास सीमेसाठी पाटसकरांनी 'खेडे हा घटक' हे तत्त्व मानले. तोच न्याय आम्ही मागतो, तर आम्हांस दुराग्रही म्हटले जाते. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने एकमुखाने ठराव केला, तोही 865 गावे मोजूनच.

खेडे हा घटक कोणा पुढाऱ्याने शोधून काढलेला नाही. काळी कसण्यास, पांढरी वसण्यास, आणि पांढरीभोवती मातीचे कूस, ही या मुलखाची मध्ययुगापासूनची रीत. बेळगावच्या भुईकोटाचे खंदक राजसत्तांनी राखले. गावकूस मात्र रयतेने आपल्या हातांनी लिंपले. लुटारूंची चाहूल लागताच वेस बंद होई नि गाव एक होई. 1818 नंतर पेंढाऱ्यांचे भय सरले, तशी डागडुजीही सरली. याच कुसाने काही बांधवांना पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवले, हा कलंक आम्ही झाकीत नाही. साक्षीदार जपावयाचा तो त्याच्या सर्व साक्षीसह.

आज त्या साक्षीदारावरच कुदळ पडत आहे. गढीची पांढरी माती कोणी धाब्यावर घालतो, कोणी शेतात पसरतो, कोणी भरावासाठी ट्रॉलीने विकतो. दगडी किल्ल्याला खात्याचा फलक लाभतो; मातीच्या हुड्याला कोण विचारतो? 1958 चा केंद्रीय कायदा शंभर वर्षांहून जुन्या अवशेषांस संरक्षण देऊ शकतो, पण त्यासाठी सरकारी घोषणा हवी. तिची वाट पाहत बसाल, तर उरेल केवळ खड्डा!

कुसाची माती मराठी की कानडी, असा वाद कोणी घालू नये. ती गावाची आहे. गावाची भाषा कोणती, हे आत नांदणारी माणसे सांगतील. त्यांना विचारा, एवढेच तर आमचे मागणे! म्हणून सीमाभागातील प्रत्येक ग्रामसभेने आपल्या कुसाची व गढीची मोजणी करावी, छायाचित्रे घ्यावीत आणि खणण्यास मनाई करणारा ठराव करावा. कानडी शेजाऱ्यांनीही तो करावा. त्यांचे कूस आम्हांस परके नाही.

गाव हाच घटक म्हणून न्यायासनापुढे उभे राहावयाचे आणि घरी येऊन गावाचीच कड खणावयाची, हे यापुढे चालणार नाही!