मधला उंबरठा

गेल्या मार्गशीर्षांत थोरल्या वहिनींचा मोतीबिंदू काढविण्यासाठीं आम्ही फोंडाघाट चढून कोल्हापुरास गेलों होतों. दोन रात्री जवळपासच राहावें असें डॉक्टरांनीं सांगितल्यामुळें एका हॉटेलांत उतरणें भाग पडलें. वहिनींचें वय अठ्ठ्याहत्तर. हॉटेलांत निजण्याचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग. सोबतीस आमची मंडळी त्यांच्या खोलींत होती, मी शेजारच्या.

सकाळीं मंडळीनें मला नवल सांगितलें. एका डोळ्यावर पट्टी असतांना वहिनी रात्रीं एकट्या उठल्या, न्हाणीघरांत जाऊन आल्या आणि कोणास हांक न मारतां पुन्हां निजल्या! मिठबावच्या घरीं त्या रात्रीं कधींच उठत नाहींत, म्हणून त्यांची झोप गाढ आहे असें आम्ही सारे समजत होतों. मीं विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, “भावोजी, घरीं दिवेलागणीनंतर मी पाणीच पीत नाहीं. उगाच सुनांची झोप कशाला मोडायची?”

नऊ माणसांच्या घरांत हें कोणासच ठाऊक नव्हतें. वर्गांत कोणता मुलगा गप्प बसला आहे हें मला छत्तीस वर्षें फळ्याकडे तोंड असतांनाही कळत असे. घरांत मात्र कळलें नाहीं.

मग मीं ती खोली शाळातपासनिसाच्या नजरेनें पाहिली. पलंग इतकाच उंच होता कीं, कडेला बसतां दोन्ही पाय जमिनीस टेकावे. दिव्याचें बटण उशाशीं. भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर एक मंद दिवा, ज्याचा उजेड डोळ्यांवर न येतां फरशीवर पडतो. न्हाणीघरापर्यंत वाटेंत एकही उंबरठा नाहीं. फरशी खरखरीत, आणि बैठकीशेजारी भिंतींत धरावयास दांडा. दार बाहेर उघडणारें. ह्याचें मर्म मला उशिरां कळलें: आंत कोणी पडलें, तर आंत उघडणारें दार त्याच्याच देहानें अडतें आणि मदतीस जातां येत नाहीं.

आमचें घर चिऱ्याचें, कौलारू, आजोबांच्या वेळचें. वहिनी माजघरांत निजतात. तेथून स्वयंपाकघर, मग मागील पडवी, मग न्हाणी. वाटेंत वीतवीत उंचीचे तीन उंबरठे. बटण दाराशीं, म्हणजे अंथरुणापासून आठ पावलांवर. पूर्वीं देवघरांतील नंदादीप रात्रभर तेवत असे व त्याच्या उजेडांत आजी निर्धास्त ये-जा करी. वीज आली आणि नंदादीप निजतांना मालवूं लागलों. त्याच्या जागीं रात्रीपुरतें कांहींच ठेवलें नाहीं.

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत राजाच्या उत्तम घराची रुंदी 108 हात सांगितली आहे. सेनापति, मंत्री यांचींही मापें दिलीं आहेत. म्हाताऱ्या माणसाचें पाऊल किती उचलतें, याचें माप मात्र ज्याचें त्यानेंच घ्यावें.

पुतण्यास मीं बेत सांगितला, तेव्हां तो म्हणाला, “हॉटेलाची परकी तऱ्हा आपल्या घरास कशी शोभेल?” मीं म्हटलें, बाबा, 1903 सालीं मुंबईस उघडलेल्या ताजमहाल हॉटेलाचा मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्यांनीं केला होता. मात्र हॉटेलांतलें सगळेंच घ्यावें असें नाहीं. तेथील खिडकी उघडतच नव्हती. आपल्या किनाऱ्यावर वर्षाकांठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अशा खोलींत आषाढांत गाद्यांना बुरशी येईल. आणि बाहेरच्या दारांचे उंबरठे पावसाचें पाणी, विंचू व सर्प यांना अडवितात. त्यांस हात लावणें मूर्खपणाचें. प्रश्न फक्त आंतल्या उंबरठ्यांचा.

घर सामाईक, म्हणून मुंबईच्या भाऊबंदांस विचारलें. एकानें उंबरठ्यावर लक्ष्मी असते, असें कळविलें. त्यावर वहिनीच बोलल्या, “माप ओलांडून मी आलें तें ओटीच्या दारानें. हे मधले नुसते पायांत येतात.” वाद तेथेंच मिटला.

चौकटी भिंतींत पक्क्या असल्यानें सुतारानें दोन उंबरठे फरशीबरोबर कापले. तिसरा पडवीचा. तेथें पावसाची झड येते, म्हणून तो ठेवून दोन्ही बाजूंस उतार बांधला आणि भिंतीस दांडा बसविला. माजघरांत व पडवींत पायांशीं दिवे लावले. सारा खर्च आमच्या एका हॉटेलमुक्कामाहून फारसा अधिक झाला नाहीं. आतां वहिनी निजतांना उशाशीं पाण्याचा तांब्या मागून घेतात.

न्हाणीचें दार फिरवावयाचें राहिलें आहे. सुतार गणपतीपूर्वीं येतों म्हणतो. तोंवर आंतून कडी लावूं नये, असें मीं सर्वांस बजावलें आहे.