विश्लेषण : कार्टूनला हाडामांसाचा देह देताना काय हरवते? ‘चिंटू’चा अनुभव काय सांगतो?

जुनी, गाजलेली कार्टून खरी माणसे घेऊन पुन्हा पडद्यावर आणण्याची लाट गेल्या दहा वर्षांत जगभर आली. ‘द जंगल बुक’, ‘द लायन किंग’, ‘लिलो अँड स्टिच’ ही त्यातली ठळक नावे. भारतात २०२४ मध्ये ‘छोटा भीम’चा असा चित्रपट आला. मराठीने मात्र हा प्रयोग त्याआधी बारा वर्षे, ‘चिंटू’च्या निमित्ताने केला होता. रेषांमधला मुलगा माणूस झाला की त्याचे काय होते आणि तो नेमक्या कोणत्या मुलांपर्यंत पोहोचतो, हे दोन्ही प्रश्न त्या प्रयोगातून समोर येतात. दुसरा प्रश्न जुन्नर तालुक्यातल्या आणे पठारासारख्या भागासाठी अधिक महत्त्वाचा आहे.

लाइव्ह ॲक्शन म्हणजे नेमके काय?

चित्रांऐवजी प्रत्यक्ष कलाकार, खरी ठिकाणे किंवा उभारलेले सेट वापरून केलेले चित्रीकरण म्हणजे लाइव्ह ॲक्शन. आज ही व्याख्या बरीच सैल झाली आहे. १९६७ च्या कार्टूनपटावरून बेतलेला २०१६ चा ‘द जंगल बुक’ लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत चित्रित झाला. त्यात मोगलीची भूमिका करणारा नील सेठी खरा होता. जंगल आणि प्राणी संगणकावर तयार झाले होते. २०१९ चा ‘द लायन किंग’ तर जवळजवळ पूर्णपणे संगणकावरचाच होता. मराठीत असा खर्च परवडणारा नव्हता. त्यामुळे ‘चिंटू’ खऱ्या अर्थाने लाइव्ह ॲक्शन ठरला.

‘चिंटू’ पडद्यावर कसा आला?

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका २१ नोव्हेंबर १९९१ रोजी ‘सकाळ’मध्ये सुरू झाली. चिंटू, त्याचे आई-पप्पा, पप्पू, मिनी, राजू, बगळ्या ही मंडळी रोज सकाळी पेपरासोबत घरात येऊ लागली. पेपर शेवटच्या पानापासून उघडायची सवय अनेक घरांना अशाच मालिकांनी लावली. १८ मे २०१२ रोजी श्रीरंग गोडबोले दिग्दर्शित ‘चिंटू’ प्रदर्शित झाला. शुभंकर अत्रे चिंटूच्या भूमिकेत होता, तर विभावरी देशपांडे आणि सुबोध भावे आई-पप्पा होते. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘चिंटू २ : खजिन्याची चित्तरकथा’ आला.

दोन-चार चौकटींचा दोन तासांचा चित्रपट कसा होतो?

मूळ अडचण इथेच असते. चित्रमालिकेत एक प्रसंग, एक प्रश्न आणि शेवटी टपली मारणारे उत्तर एवढेच असते. दुसऱ्या दिवशी सगळे नव्याने सुरू होते. चिंटू मोठा होत नाही आणि कालची शिक्षाही त्याला आठवत नाही. चित्रपटाला मात्र कथा लागते, काहीतरी पणाला लागावे लागते. पहिल्या ‘चिंटू’ने त्यासाठी मैदान निवडले. मुलांची खेळायची जागा बळकावली जाते आणि चिंटूची गँग ती परत मिळवायला उभी राहते. ही निवड शहाणपणाची होती. चित्रमालिकेतली मुले बहुतेक वेळा घराबाहेर, अंगणात किंवा मैदानातच भेटतात. ती जागा गेली की चिंटूचे जगच संपते. बाहेरून खलनायक आणण्याऐवजी पात्रांच्या जगातलेच काहीतरी धोक्यात आणणे, हा रूपांतराचा चांगला मार्ग आहे.

मग हरवते काय?

कॉमिक्सचे अभ्यासक स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ या पुस्तकात एक मुद्दा मांडला होता. चेहरा जितका मोजक्या रेषांत काढलेला, तितका वाचक त्यात स्वतःला सहज पाहतो. तपशील वाढला की तो चेहरा दुसऱ्या कुणाचा तरी होतो. कागदावरच्या चिंटूचा आवाज वाचकाच्या मनातला असतो आणि चौकटीत न काढलेले घरही वाचकच भरून घेतो. पडद्यावर आल्यावर त्याला एक चेहरा, एक आवाज, एक सोसायटी आणि एक शहर मिळते.

पुण्यातल्या मुलाला यात फारसे गमावल्यासारखे वाटणार नाही. आळेफाट्याहून कल्याण-अहिल्यानगर महामार्गाने राजुरी, बेल्हे मागे टाकून घाट चढल्यावर लागणाऱ्या आणे गावातल्या मुलाचे तसे नाही. कुकडी प्रकल्पाची धरणे याच तालुक्यात आहेत, पण उंचावरच्या आणे पठाराला कालव्याचे पाणी मिळालेले नाही. तिथली उन्हाळ्याची सुटी पाणी, गुरे आणि शेतातली कामे यांच्यासोबत जाते. कागदावरचा चिंटू या मुलाच्या गावचा होऊ शकतो. पडद्यावरचा चिंटू पुण्याचा पाहुणाच राहतो.

तंत्रज्ञान हे अंतर भरून काढते का?

उलट काही वेळा ते वाढवते. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये ‘अनकॅनी व्हॅली’ ही कल्पना मांडली. कृत्रिम आकृती माणसासारखी होत जाते तशी ती आवडू लागते. पण जवळजवळ माणसासारखी झाली की तिच्यातली छोटीशी विसंगतीही अंगावर येते. एप्रिल २०१९ मध्ये ‘सॉनिक’चा ट्रेलर आला, तेव्हा त्या निळ्या प्राण्याचे माणसासारखे दात पाहून प्रेक्षक बिथरले. निर्मात्यांना त्याचे रूप बदलावे लागले आणि नोव्हेंबरमधले प्रदर्शन फेब्रुवारी २०२० वर गेले. ‘द लायन किंग’वर आक्षेप होता तो सिंह फारच खरे दिसतात, म्हणून त्यांचे चेहरे बोलत नाहीत, असा. कार्टूनमधला सिंह भुवया उडवतो. खरा सिंह उडवत नाही.

जुन्नरचे मूल पडद्यावर आलेच नाही का?

आले, आणि ताकदीने आले. आणे गावाच्या वाटेवरच्या राजुरीचे मंगेश हाडवळे यांनी २००८ मध्ये ‘टिंग्या’ केला. लंगडा झालेला बैल विकण्याची वेळ आलेले शेतकरी कुटुंब आणि बैलाला सोडायला तयार नसलेला मुलगा, एवढीच ती गोष्ट. टिंग्या साकारणाऱ्या शरद गोयेकरला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘टिंग्या’ कार्टूनवरून आलेला नव्हता, त्यामुळे त्याला कुणाच्या मनातला चेहरा पुसावा लागला नाही. ‘चिंटू’शी तुलना केली की एक गोष्ट कळते. लाइव्ह ॲक्शनमध्ये गाव नेमके दाखवावेच लागते, मग ते पूर्ण निष्ठेने दाखवलेले बरे. ‘टिंग्या’तले शेत पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकालाही परके वाटले नाही, कारण त्या मुलाचे दुःख खरे होते.

अडते कुठे?

वितरणात. चित्रमालिकेला वेगळे तिकीट नव्हते. पुणे जिल्ह्यात गावोगावी जाणाऱ्या पेपरासोबत ती जायची. एका अंकावर घरातली आणि शेजारची मुलेही वाचायची. चित्रपटासाठी आधी चित्रपटगृह लागते. ते लांब असेल तर प्रवास, तिकिटे आणि सोबत मोठे माणूस लागते. त्या माणसाचा दिवसाचा रोजगार बुडतो. म्हणून बालचित्रपट शहरातल्या सुटीतल्या खेळांवर जगतो. मुलांपर्यंत चित्रपट नेण्यासाठी १९५५ मध्ये स्थापन झालेली चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. केवळ मुलांचा विचार करणारी स्वतंत्र सरकारी संस्था त्यानंतर उरली नाही.

काय करता येईल?

शाळांसाठी कायदा अनुकूल आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार शाळेच्या उपक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुरता चित्रपट दाखवणे हे हक्कभंग ठरत नाही. प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही आणि चित्रपटाची अधिकृत प्रत असलेल्या जिल्हा परिषद शाळेला हे जमण्यासारखे आहे. मोबाइलवरच्या ओटीटी सदस्यत्वाच्या अटी मात्र वेगळ्या असतात, त्या आधी पाहाव्या लागतील.

दुसरा मार्ग या तालुक्याला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. गावोगावच्या यात्रा कमिट्या नारायणगावच्या राहुट्यांत येऊन तमाशाची सुपारी देतात. रंगदास स्वामींच्या यात्रेत आणे गाव हजारो लोकांना आमटी-भाकरीचा महाप्रसाद वाढते. एवढे नियोजन करणाऱ्या गावांना यात्रेत एक संध्याकाळ मुलांच्या चित्रपटासाठी राखून ठेवणे अवघड नाही. त्यासाठी हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागेल, आणि निर्मात्यांनीही जुन्या बालचित्रपटांसाठी परवडणारे दर ठेवायला हवेत.

एखाद्या कार्टूनचा नवा चित्रपट जाहीर झाला की चर्चा नायकाचे रूप मूळ चित्राशी जुळते का, यावर थांबते. मराठीत त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारायला हवा. हा चित्रपट आळेफाट्याच्या पुढे कसा जाणार? निर्मितीच्या खर्चाचा हिशेब मांडतानाच त्याचे उत्तर लिहिले, तर पुढच्या चिंटूला घाट चढता येईल.