गेट उघडायचं की नाही?

(स्थापत्य विभाग)

आमच्या खोलीत तीन कॉट. एकीवर मी, राहणार तालुका निफाड, घरी तीन एकर द्राक्षबाग. दुसरीवर पैठणचा गडी. तिसरीवर मुंबईकर, पाणी नळातून येतं यापलीकडे त्याचा अभ्यास नाही. साल 2023, आम्ही हॉस्टेलला नवीन होतो. पाऊस कमी झालेला. ऑक्टोबरअखेर हुकूम निघाला की नाशिक आणि नगरकडच्या धरणांतून जायकवाडीसाठी 8.6 टीएमसी पाणी सोडायचं. झालं! रूममध्ये महाभारत सुरू.

मी म्हटलं, "आमच्याकडे गोडी छाटणी नुकतीच झालीय. आत्ता पाणी हुकलं तर वर्षाचं पीक गेलं. आणि नदीतून सोडलेलं पाणी तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर वाळूत किती मुरतं ते बघ. तेच पाणी इथं वापरलं तर जास्त लोकांचं भलं होईल."

पैठणकर शांतपणे म्हणाला, "भाऊ, धरण तुमच्याकडे बांधलं म्हणून नदी तुमची होत नाही. पाण्यावर आमचा हक्क आहे. हक्काला बेरीज-वजाबाकी लावायची नसते."

मुंबईकर म्हणाला, "लाइट बंद करा ना यार!"

मित्रहो, तेव्हा आम्हाला पत्ता नव्हता, पण त्या रात्री आम्ही दोघं नीतिशास्त्रातल्या दोन मोठ्या पक्षांची वकिली करत होतो. मी होतो बेंथॅम आणि मिल यांच्या बाजूने. कृती बरी की वाईट हे तिच्या परिणामावरून ठरवा, आणि परिणाम मोजताना पुष्कळांचं पुष्कळ सुख बघा. आपल्या इंजिनिअर मंडळींना हे फार पटतं, कारण यात एस्टिमेट करता येतं. खर्च इतका, फायदा इतका, चला टेंडर काढा. पैठणकर होता कांटच्या बाजूने. तो जर्मन प्राध्यापक म्हणतो, परिणाम ठेवा बाजूला. तुम्ही ज्या नियमाने वागता तो साऱ्या जगाने पाळलेला तुम्हाला चालेल का ते सांगा. आणि माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका. 'वरच्याने आधी पोटभर घ्यावं, उरलं तर खाली सोडावं' हा नियम साऱ्या जगाला लावून बघा. त्र्यंबकेश्वरचा माणूस उद्या नाशिकलाही तेच म्हणेल!

पण खरी गंमत पुढेच झाली. चार महिन्यांनी, मार्चमध्ये, हॉस्टेलच्या बोअरची मोटर जळाली. टाकी अर्धीच भरायची. तळमजल्याची पोरं सकाळी सहालाच नळ सोडून बादल्या, टब, अगदी कूलरसुद्धा भरून ठेवायची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आमच्या नळातून फक्त हवा! तेव्हा रेक्टर सरांच्या ऑफिसात टेबलावर हात आपटून मी काय बोललो असेन? "सर, पाण्यावर सगळ्यांचा सारखा हक्क आहे!" मागे पैठणकर उभा होता. काही बोलला नाही. नुसता हसला. तो टोमणा मला अजून लागतो.

नोव्हेंबरात मी मिलवाला होतो, मार्चमध्ये कांटवाला झालो. मध्ये एक पान वाचलं नव्हतं. फक्त पाइपलाइनच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण सिद्धांत वापरून निर्णय घेत नाही. निर्णय आधी घेतो, तो सोयीचा असतो, आणि मग त्याला शोभेल असा सिद्धांत शोधतो. प्रॉक्सी लावताना "कुणाचं काय बिघडलं?" हा परिणामवाद, आणि आपलं जर्नल दुसऱ्याने छापलं की "तत्त्वाचा प्रश्न आहे!" सिद्धांताची खरी परीक्षा तो आपल्या अंगावर येतो तेव्हा असते. तेव्हाही तो हातात धरून ठेवलात तर तो तुमचा. नाहीतर ती छत्री, पाऊस बघून उघडलेली.

लायब्ररीच्या मराठी कपाटात 'गीतारहस्य' आहे. जाडी बघून घाबरू नका. टिळकांनी ते मंडालेच्या तुरुंगात लिहिलं, 1915 मध्ये ते छापलं गेलं. पुस्तक गीतेवरचं आहे, पण त्यात मिल, कांट, स्पेन्सर सगळे भेटतात. आपल्या ब्रँचला तर त्यातला एक किस्सा फारच जवळचा. अमेरिकेतल्या एका शहरात ट्राम व्हायला हवी होती, पण मंजुरीचे कागद हलेनात. तेव्हा प्रवर्तकाने अधिकाऱ्यांना पैसे चारले. ट्राम झाली, लोकांची सोय झाली, पुढे लाच उघडकीला आली आणि खटला उभा राहिला. आता पुष्कळांचं सुख तर झालंच ना? टिळक म्हणतात, नुसत्या बाहेरच्या परिणामावरून निकाल लागत नाही, करणाऱ्याची बुद्धी काय होती तेही बघावं लागतं. पुढे नोकरीत बिल पास करताना आपल्यापैकी किती जणांना ही ट्राम आठवेल कोण जाणे!

पण बुद्धी बघायची म्हणजे थोडं ॲरिस्टॉटलसारखंच झालं. त्याचा प्रश्न 'काय करू' असा नसतो, तर 'मी कसा माणूस होऊ' असा असतो. मला हा पक्ष आवडतो, पण धरणाच्या बाबतीत तो लंगडा वाटतो. कार्यकारी अभियंता मोठ्या मनाचा आहे म्हणून पाणी सुटलं आणि त्याची बदली झाली की बंद, असं चालेल का? तिथं नियमच पाहिजे.

तो नियम आपल्या राज्यात आहे, हे मला सिव्हिलला येईपर्यंत माहीत नव्हतं. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात कलम 12(6)(क) आहे. त्याचा अर्थ साधा: टंचाईची झळ खोऱ्यातल्या सगळ्यांनी मिळून सोसायची, आणि ऑक्टोबरअखेर सगळ्या धरणांतल्या वापरायोग्य पाण्याची टक्केवारी साधारण सारखी ठेवायची. पुढे 2014 मध्ये प्राधिकरणाने आदेश काढला, त्यात जायकवाडीसाठी 65 टक्क्यांची रेघ आखली. उच्च न्यायालयाने 2016 मध्ये तो उचलून धरला. जॉन रॉल्स नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1971 मध्ये सांगितलं होतं, की नियम करताना आपण समाजात कुठल्या जागी जन्मणार आहोत हे माहीत नाही असं समजून करा. म्हणजे निफाडला जन्मणार की पैठणला, हे ठाऊक नसताना पाणी वाटा. या कलमाची जात तीच वाटते मला.

नियमात खोट नाही असं नाही. धरणात पाणी किती ते तो विचारतो, जातं कुठे ते विचारत नाही. उसाला किती, कारखान्याला किती, पिण्याला किती? हा हिशेब खालीही मागितला पाहिजे आणि वरही. पैठणकराला हे मान्य आहे. फक्त सुरुवात द्राक्षांपासून करू म्हणतो!

मागच्या महिन्यात आम्ही नांदूरमध्यमेश्वरला गेलो होतो. मी लहानपणापासून तिथं पक्षी बघायला जातो. त्याने पहिल्यांदाच पाहिलं. बंधाऱ्यावर उभं राहून म्हणाला, "म्हणजे आमचं पाणी इथून येतं तर." मग खाली कसं सोडतात ते मी त्याला सांगितलं. कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात, वाटेत कुणी उपसू नये म्हणून काठच्या मोटारींची वीज तोडतात, बंदोबस्त लागतो. त्यातली एक मोटर आमचीही असते.

त्याने विचारलं, "उद्या तू इरिगेशनला लागलास, हुकूम हातात आहे आणि गेटसमोर तुझ्याच गावची माणसं बसलीत. काय करशील?"

मी म्हटलं, "उघडीन."

"घरी सांगितलंस?"

दिवाळीला जाईन तेव्हा सांगायचं ठरवलंय. छाटणीची मजुरी देऊन झाल्यावर, वडील जरा निवांत असले तर.