दुरुस्त हिशेब, बुडालेला वाटा

यंत्र किती वर्षे टिकेल, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्याचा आहे. परंतु १९५० नंतरच्या दशकात बोनसच्या दाव्यांतून कामगार संघटनांना तो आपला प्रश्न करावा लागला. मुंबईचे गिरणीमालक आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या वादात लेबर ॲपेलेट ट्रायब्यूनलने १९५० साली बोनसचे सूत्र घालून दिले. नफ्यातून घसारा, कर, भांडवलावरील परतावा आणि जुनी यंत्रसामग्री बदलण्यासाठीची तरतूद वजा करावी व उरलेल्या शिलकीत कामगाराचा वाटा मानावा, असे ते सूत्र होते. यंत्रे बदलण्याची रक्कम त्यांच्या उरलेल्या आयुष्याच्या आणि पुढील किमतीच्या अंदाजावर ठरे. हा अंदाज मालक करीत असे. त्यामुळे कामगाराच्या पदरात काय पडणार हेही बव्हंशी मालकाच्या लेखणीवरच अवलंबून राही. एम. आर. मेहेर यांच्या अध्यक्षतेखालील बोनस आयोगाने १९६४ च्या अहवालात ही वजावट काढून टाकली आणि १९६५ च्या बोनस कायद्याने घसाराही कंपनीच्या मर्जीने न धरता आयकर कायद्याप्रमाणे धरावा असे ठरविले. मालकाच्या अंदाजावर विसंबून वाटणी करणे धोक्याचे आहे, याची ती कबुलीच होती.

हा जुना इतिहास आठवण्याचे कारण असे की, अंदाजाचा प्रश्न मिटलेला नाही. बोनसच्या गणितातून पुस्तकी घसारा हद्दपार झाला, पण वेतनकराराच्या वाटाघाटीत, कामगारकपातीच्या समर्थनात आणि ‘कंपनीला परवडत नाही’ या नेहमीच्या युक्तिवादात कंपनीचे प्रसिद्ध झालेले नफातोटापत्रकच पुढे केले जाते. ते पत्रक कसे बदलता येते, हे चळवळीतील कार्यकर्त्याने समजून घेतले पाहिजे.

मोठ्या कंपन्यांना लागू असलेले भारतीय लेखामानक ८ हिशेबातील बदलांचे तीन वर्ग करते. पहिला, लेखानीतीतील बदल. म्हणजे मोजण्याची पद्धतच बदलणे. दुसरा, अंदाजातील बदल. म्हणजे पद्धत तीच, पण यंत्राचे आयुष्य किंवा बुडीत येण्याची रक्कम नव्याने ठरविणे. तिसरा, मागील चुकीची दुरुस्ती. नीती बदलली किंवा मोठी चूक सापडली तर सामान्यतः मागील वर्षांचे आकडे पुन्हा मांडावे लागतात. अंदाज बदलला तर मागे जावे लागत नाही. परिणाम चालू आणि पुढील वर्षांतच दाखविला जातो. नीती बदलली की अंदाज बदलला हे ठरविणे कठीण असेल, तर तो अंदाजातील बदल समजावा, असेही हे मानक सांगते. संशयाचा फायदा अशा रीतीने कमी बोभाटा होणाऱ्या मार्गाला मिळतो.

समजा, एखाद्या कारखान्यात १० कोटी रुपयांचे यंत्र आहे आणि त्याचे आयुष्य १० वर्षे धरले आहे. दरवर्षी १ कोटी रुपये घसारा पडेल. आयुष्य २० वर्षे धरले तर घसारा ५० लाख होईल आणि यंत्राचे एक चक्रही अधिक न फिरता नफा ५० लाखांनी वाढेल. उलट, करार संपण्याच्या सुमारास तेच आयुष्य ५ वर्षे धरले, तर घसारा २ कोटी होईल आणि तेवढाच घाम गाळणाऱ्या कामगाराला नफा घटल्याचे ऐकावे लागेल. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत मालमत्तेची उपयुक्त आयुष्ये दिलेली आहेत. परंतु तांत्रिक सल्ल्याच्या आधाराने कारण नोंदविले तर कंपनीला त्यांहून वेगळे आयुष्य धरता येते. ही मोकळीक बेकायदा नाही. ती वापरली जाते तेव्हा टाचणाच्या बारीक अक्षरांत कोणी डोकावत नाही, हे दुखणे आहे.

अंदाजाच्या पडद्याआड चूक, आणि चुकीच्या पडद्याआड लबाडी कशी लपते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील वेस्ट मॅनेजमेंट या कचरा वाहून नेणाऱ्या कंपनीचे आहे. तिने कचरागाड्यांचे आयुष्य वाढवून धरले, मोडीत काढल्यावर त्यांची किंमत भरमसाट येईल असे दाखविले आणि वर्षानुवर्षे नफा फुगविला. १९९८ मध्ये तिला मागील हिशेब सुमारे १७० कोटी डॉलरांनी दुरुस्त करावे लागले. भागधारकांनी दावे लावले आणि २००१ मध्ये त्यांपैकी एका दाव्याच्या तडजोडीत कंपनीने ४५ कोटी ७० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. हिशेब मागे जाऊन दुरुस्त झाला, तेव्हा भांडवल गुंतविणाऱ्यालाही मागे जाऊन भरपाई मागता आली.

कामगाराच्या बाबतीत मात्र काळ एकाच दिशेने वाहतो. नफा कमी दाखवून केलेला करार पूर्ण मुदतीपर्यंत त्याला बांधून ठेवतो. पुढे तो नफा चुकीने कमी दाखविला गेला होता असे निष्पन्न झाले, तर ताळेबंदातील जुने रकाने बदलतील, भागधारकांच्या निधीचा आकडा बदलेल. पण मधल्या काळात निवृत्त झालेल्या किंवा कपातीत गेलेल्या कामगाराचा दरवाजा कोणी ठोठावणार नाही. मागील वर्षे पुन्हा उघडणे अशक्य आहे, असेही नाही. आय. एल. अँड एफ. एस. ही वित्तसंस्था २०१८ मध्ये कोसळली आणि अनेक आस्थापनांतील कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा पैसा तिच्या रोख्यांत अडकला. तेव्हा सरकारच्या अर्जावरून राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने १ जानेवारी २०१९ रोजी तिचे व तिच्या दोन उपकंपन्यांचे मागील पाच वर्षांचे हिशेब पुन्हा उघडण्यास परवानगी दिली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती कायम केली. कंपनी कायद्याच्या कलम १३० मध्ये असा अर्ज करू शकणाऱ्यांत ‘संबंधित व्यक्ती’चाही समावेश आहे. ज्याची भाकरी त्या हिशेबावर अवलंबून आहे तो कामगार संबंधित नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणता येईल?

तरीही कायद्याचा प्रवास उलट दिशेने झाला आहे. खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल्स आणि जळगावचा राष्ट्रीय गिरणी कामगार संघ यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये सांगितले की, राखीव निधी खेळते भांडवल म्हणून वापरल्याचा दावा केवळ ताळेबंदातील नोंदीने सिद्ध होत नाही. त्यासाठी पुरावा द्यावा लागतो. १९६५ च्या कायद्याने ही कसोटी सैल केली. तपासलेले हिशेब बरोबर आहेत असे गृहीत धरण्याची मुभा त्याने दिली. मात्र एखाद्या बाबीचे स्पष्टीकरण मागण्याचा मार्ग कामगार संघटनेला खुला ठेवला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतन संहिता, २०१९ ने त्याही पुढे मजल मारली. तिच्या कलम ३१ प्रमाणे कंपन्यांच्या तपासलेल्या हिशेबांबद्दल सामान्यतः शंका घ्यावयाची नाही. आणि बोनसच्या वादात अधिकाऱ्याने ताळेबंद मागविला तरी त्यातील माहिती मालकाच्या संमतीवाचून उघड करावयाची नाही. भागधारकाला जो ताळेबंद घरपोच मिळतो, त्यातील मजकूर कामगाराला मात्र मालकाच्या संमतीनेच कळावा, हा न्याय अजब आहे. सत्यम कंपनीचे हिशेबही तपासलेलेच होते. ते वर्षानुवर्षे खोटे असल्याची कबुली ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षानेच दिली, तोवर ते खरेच समजले जात होते.

प्रत्येक बदलात कपट असते असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. निगा चांगली राखली तर यंत्रे अधिक टिकतात. नवे तंत्र आले तर लवकर निकामी ठरतात. उघडपणे चूक कबूल करणाऱ्या व्यवस्थापनाला चोर ठरविले, तर उद्या कोणी चूक कबूलच करणार नाही. लेखामानकाने यासाठी एक चांगली कसोटी दिली आहे. हिशेब मंजूर करताना विश्वसनीय माहिती उपलब्ध असूनही ती वापरली नसेल, तर ती चूक. माहिती नंतर हाती आली असेल, तर तो अंदाजातील बदल. म्हणून वाटाघाटीच्या मेजावर कामगार प्रतिनिधीने पहिला प्रश्न विचारावा तो हाच: हे कळले केव्हा?

या प्रश्नामागे संघटनेचे बळ उभे करावयाचे, तर तीन मागण्या नेटाने मांडल्या पाहिजेत. हिशेबातील अंदाज बदलल्यास जुन्या आणि नव्या अंदाजाने येणारा नफा शेजारी शेजारी मांडून तो तक्ता मान्यताप्राप्त संघटनेला कामगारांच्या भाषेत द्यावा. मागील वर्षांचा नफा दुरुस्तीने वाढला, तर त्या वर्षांचा बोनस आणि त्या नफ्यावर बेतलेला करार पुन्हा विचारार्थ घ्यावा, व त्याचा लाभ निवृत्त आणि कपात झालेल्या कामगारांनाही मिळावा. आणि वेतन संहितेतील गुप्ततेची तरतूद रद्द करून ताळेबंदातील कोणत्याही बाबीचे स्पष्टीकरण मागण्याचा कामगार संघटनेचा हक्क स्पष्ट शब्दांत नोंदवावा. सहकारी कारखाने, पतपेढ्या आणि खुद्द कामगार संघटना यांच्या हिशेबांनाही हाच दंडक लावला, तर या मागण्यांना नैतिक वजन येईल.

हिशेबाची वही ही श्रमाच्या फळाची नोंद आहे. ती दुरुस्त करण्याची मुभा असलीच पाहिजे. पण दुरुस्ती भागधारकाच्या रकान्यापाशी येऊन थांबत असेल, तर ती अर्धीच झाली असे म्हणावे लागेल. उरलेली अर्धी करून घेण्याचे काम कामगार चळवळीचे आहे.