प्रस्तुत आणि अप्रस्तुत

चर्चामंडळ काढणें सोपें; त्यांतील चर्चा विषयाला धरून चालविणें कठीण. व्याख्यानानंतरचीं प्रश्नोत्तरें ज्यांनीं एकदां तरी ऐकलीं आहेत, त्यांस हें निराळें सांगावयास नको. परंतु ज्या मंडळांत स्त्रिया स्वतःच्या स्थितीचा विचार करावयास बसतात, तेथें विषयांतराची किंमत अधिक पडते. ती कशी, हें आज पाहावयाचें आहे.

येथें किनवटास कांहीं भगिनी पंधरवड्यांतून एकदां दोन तास जमतात, आणि शास्त्रीय कल्पनेच्या आधारें स्त्रीजीवनाचें निराळें चित्र काढणाऱ्या कथा वाचतात. प्रकार नवा वाटेल, पण तो तसा नवा नाहीं. बेगम रुकय्या सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा १९०५ सालीं मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझीन’ या मासिकांत प्रसिद्ध झाली. तींतील स्त्रीराज्यांत पुरुष पडद्यांत राहतात आणि कारभार स्त्रिया पाहतात. सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, फुग्याच्या साहाय्यानें आकाशांतील पाणी मिळवितात, आणि चालून आलेल्या शत्रूला तलवारीनें नव्हे, तर त्याच सौर उष्णतेनें पिटाळून लावितात. आपल्या मराठींत काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांनीं ‘पालखीचा गोंडा’ या १९२८ सालच्या कादंबरींत स्त्रियांच्या हातीं कारभार असलेलें संस्थान रंगविलें. तेथें भर यंत्रांवर नसून राज्यव्यवस्थेवर आहे. तथापि दोहींतील मूळ प्रश्न एकच: व्यवस्था उलटी केली असतां आज स्वाभाविक वाटणाऱ्या गोष्टींपैकीं खरोखर स्वाभाविक किती उरतात?

हा प्रश्न मोठा; आणि मोठ्या प्रश्नाला फांटे फार फुटतात. मंडळाच्या चालकबाईंनीं आपली अडचण मजजवळ सांगितली. कोणी गृहस्थ सहज म्हणून येतात आणि पुष्पक विमान हें शास्त्र कीं काव्य, यावर अर्धा तास बोलतात. कोणी म्हणतें, अशा कथांना वाङ्मय म्हणावें तरी कां? आणि कोणी प्रत्येक बैठकींत नव्यानें विचारतें कीं, स्त्रियांवर अन्याय होतो हें आधीं सिद्ध करा. हा शेवटचा प्रकार सर्वांत महाग पडतो. वर्गांत रोज एक नवा विद्यार्थी येऊन मुळाक्षरांपासून आरंभ करण्याचा हट्ट धरूं लागला, तर तो वर्ग बाराखडीच्या पुढें कधींच जाणार नाहीं. स्त्रीविषयक चर्चेचें असेंच होत आलें आहे. आरंभींच्या शंकेचें समाधान करण्यांतच वेळ जातो आणि पुढला प्रश्न विचारावयाचा राहूनच जातो.

आपल्या नैयायिकांनीं हें दुखणें फार पूर्वीं ओळखिलें होतें. गौतमाच्या न्यायसूत्रांत संवादाचे तीन प्रकार सांगितले आहेत: तत्त्व जाणण्यासाठीं वाद, जिंकण्यासाठीं जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां केवळ दुसऱ्याचें खंडन करण्यासाठीं वितंडा. पराभवाचीं बावीस निग्रहस्थानें गणिलीं आहेत, त्यांत ‘अर्थांतर’ हें एक होय. प्रस्तुत विषय सोडून ज्याचा त्याशीं संबंध नाहीं असें बोलणें, तें अर्थांतर. लक्षांत घ्यावें कीं, तेथें बोलणें खोटें आहे असा आक्षेप नाहीं. पुष्पकाविषयींचें विवेचन बिनचूकही असेल. पण तें येथलें नव्हे, एवढेंच.

परंतु प्रस्तुत काय हें ठरविण्यांतच खरी कसोटी आहे. एका बैठकींत एका भगिनीनें चुलीच्या धुरानें अधू झालेल्या आपल्या सासूबाईंच्या डोळ्यांची हकीकत सांगितली. एकीस तें घरगुती विषयांतर वाटलें. वस्तुतः तें नव्हतें. रुकय्यांच्या कथेंतील स्वयंपाकघरांत धूर नाहीं आणि धुराडेंही नाहीं; शास्त्राचा पहिला लाभ लेखिकेनें चुलीपाशीं नेला, यांतच त्या कथेचें मर्म आहे. त्या हकीकतीमुळें कथा अधिक उमजली. म्हणून बोलणें घरचें कीं ग्रंथांतलें, हें पाहूं नये. त्यानें आपण कथेकडे परत येतों कीं तिच्यापासून दूर जातों, एवढेंच पाहावें.

दुसराही एक धोका आहे. बृहदारण्यकांत गार्गी वाचक्नवी एकामागून एक प्रश्न विचारीत गेली, तेव्हां याज्ञवल्क्यांनीं तिला अतिप्रश्न करूं नको म्हणून बजाविलें. ती गप्प बसली, पण सभा सोडून गेली नाहीं. पुढें सभेची अनुज्ञा घेऊन तिनें दोनच प्रश्न विचारिले, आणि ते नेमके होते. विषयमर्यादेचा नियम गैरसोयीच्या प्रश्नाचें तोंड दाबण्यासाठीं वापरतां येतो, हें चालकांनीं विसरूं नये. अवघड प्रश्न अप्रस्तुत असतोच असें नाहीं.

चालकबाईंस मीं तीन गोष्टी सुचविल्या. वाचावयाची कथा आधीं जाहीर करावी, आणि जिनें ती वाचिली असेल तिला प्रथम बोलूं द्यावें. मुळांतील शंका असणाऱ्यांसाठीं महिन्यांतून एक निराळी बैठक ठेवावी. म्हणजे त्यांचा अवमान होत नाहीं आणि इतरांचा मार्गही अडत नाहीं. अप्रस्तुत बोलणाऱ्यास चारचौघांत टाकून न बोलतां, “हें कथेंत कोठें येतें?” एवढेंच विचारावें. उत्तर आलें तर चर्चेचा लाभ. न आलें तर बोलणारा आपणच थांबतो.

कोणी म्हणेल, गप्पांनाच इतके नियम कशाला? ज्या बाईला घरच्या कामांतून पंधरवड्याला दोन तास मिळतात, तिला हा प्रश्न विचारून पाहावा. पुरुषांना सभा, पार आणि चावडी सदैव मोकळीं आहेत. तेथें विषय भरकटला तर उद्यां पुन्हां बसतां येतें. तिचे दोन तास दुसऱ्याच्या शंकानिरसनांत गेले, तर पुढल्या पंधरवड्यापर्यंत ते परत मिळत नाहींत.